कँडल सगळ्या पाठ, तरी चुकाऱ्याचे पैसे गेले

वाचकाचं पत्र, थोडं कापून आणि नाव-गाव काढून:

“काका नमस्कार. मी आर्वी तालुक्यातला, बीएस्सी झालो, घरी नऊ एकर वावर आहे. कापसाच्या चुकाऱ्यातले 60 हजार बाबांनी माझ्या खात्यात ठेवले होते, बी-बियाण्याच्या वेळेला लागतील म्हणून. मी मोबाईलवर व्हिडिओ पाहून चार्ट शिकलो, हॅमर, डोजी, एन्गल्फिंग सगळं पाठ आहे. पहिल्या महिन्यात 11 हजार कमावले, मग निफ्टीच्या ऑप्शनमध्ये गेलो आणि पाच आठवड्यात खात्यात 23 हजार उरले. सपोर्टवर घेतलं की सपोर्ट तुटते, ब्रेकआउटवर घेतलं की भाव माघारी येते. मित्र म्हणते आरएसआयसोबत एमएसीडी लाव, आणि एक टेलिग्रामवाला 5 हजारात त्याचा सिक्रेट इंडिकेटर देतो म्हणते. कोणता इंडिकेटर बरोबर असते? चार्ट खरंच कामाचा असते का? आणि बाबांना सांगू का?”

बाबू,

तुझा शेवटचा प्रश्न खरं तर पहिला आहे, पण तो मी शेवटी घेतो कारण त्याच्यासाठी मला जरा दम लागते.

टेलिग्रामवाल्याला पाच हजार देऊ नको, हे आधी. शेअरबाजारात पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याकडे सेबीची, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेची, नोंदणी लागते, रिसर्च अ‍ॅनालिस्टचा नंबर आयएनएच या अक्षरांनी सुरू होते आणि सल्लागाराचा आयएनए या अक्षरांनी, सेबीच्या वेबसाइटवर नाव टाकून पाहता येते. त्याला नंबर विचार. नंबर दिला तर तो साइटवर त्याच्याच नावावर आहे का ते पाहा, कारण दुसऱ्याचा नंबर छापून फिरणारेही लय आहेत. आणि नफ्याची गॅरंटी देत असेल तर तिथंच फोन ठेव, नोंदणी असलेल्यालाही तशी गॅरंटी द्यायची परवानगी नाही.

आता चार्ट. मी हिंगणघाटला एका जिनिंगवर 26 वर्षं हिशेब लिहिला. तिथं माझ्याजवळ एक लांब वही असायची निळ्या पुठ्ठ्याची, तिच्यात रोज चार आकडे लिहायचो. सकाळी हर्रासात पहिली गाडी कितीला गेली, दिवसात सगळ्यात जास्त भाव कितीचा लागला, सगळ्यात कमी कितीचा, आणि काटा बंद व्हायच्या आधीची शेवटची गाडी कितीला गेली. कोणी शिकवलं नव्हतं, मालक रोज संध्याकाळी विचारायचे म्हणून लिहून ठेवायचो. लय वर्षांनी कोणीतरी कँडलचा चार्ट दाखवला तर मला माझी वहीच उभी करून ठेवल्यासारखी वाटली, तेच चार आकडे. आणि ही पद्धत आलीसुद्धा धान्याच्या बाजारातूनच, जपानात ओसाकाच्या दोजिमात तांदळाचा बाजार होता, 1730 मध्ये त्याला तिथल्या सरकारची मान्यता मिळाली, तांदूळ समोर नसतानाही त्याचे पुढचे सौदे तिथं व्हायचे, आणि कँडलचं श्रेय होम्मा नावाच्या एका तांदळाच्या व्यापाऱ्याला देतात. म्हणजे हे काही आपल्या कास्तकाराच्या पोराच्या डोक्यावरून जाणारं शास्त्र नाही बापा. तुझ्या घरात पिढ्यान् पिढ्या भाव पाहणारी माणसं आहेत.

तू म्हणशील हे तर मले माहीत आहे. तू नावं पाठ केली आहेत, त्या कँडलमधला दिवस पाहायचा राहून गेला. समज सकाळी कापूस 7,200 ला उघडला, दुपारी आवक वाढली म्हणून 6,950 पर्यंत घसरला, मग दोन व्यापारी उतरले आणि त्यांनी उचल केली, शेवटची गाडी 7,220 ला गेली. आता ही कँडल काढ. वर 20 रुपयांचं बारीक शरीर, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या भावातलं अंतर, आणि खाली 250 रुपयांची शेपटी, झाला तुझा हॅमर. पण हॅमर सांगते काय? एवढंच की 6,950 ला आज घेणारा उभा होता. उद्या तो उभा राहील का, त्याच्या खिशात अजून पैसे आहेत का, हे त्या आकृतीत नाही. ते उद्याचा दिवस सांगते. म्हणून उतरत आलेल्या भावात, जिथं आधीही घेणारे निघाले होते अशाच जागी हॅमर दिसला आणि दुसऱ्या दिवशी भाव त्याच्या डोक्याच्या वर बंद झाला, तर त्याला थोडा अर्थ आहे. मधातच कुठंतरी दिसलेला हॅमर मी पाहून सोडून देतो.

आणि तू पाहतोस पाच मिनिटाची कँडल. बाजार सव्वानऊ ते साडेतीन, म्हणजे एका दिवसाच्या पोटात पाच मिनिटांच्या 75 कँडल बसतात, त्यात हॅमर, डोजी, एन्गल्फिंग सगळंच दिसणार, रोज दिसणार, जे शोधशील ते दिसणार. यार्डात दोन माणसं चहा प्यायला गेली म्हणून पाच मिनिटं बोली थांबली तर त्याला कोणी मंदी म्हणते का? दिवसाची कँडल पाहा, आठवड्याची पाहा. कंटाळा येईल, येऊ दे.

सोबत खालचे व्हॉल्यूमचे दांडे, म्हणजे किती शेअरचे सौदे झाले ते, पाहत जा, ते तुझ्या पत्रात कुठंच नाहीत याचं मला नवल वाटलं कारण यार्डात तर आवक विचारल्याशिवाय कोणी भावावर बोलतच नाही. बारा गाड्या आल्या आणि भाव शंभरानं वाढला, आणि सहाशे गाड्या येऊनही भाव शंभरानं वाढला, या दोन शंभरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे की नाही? ब्रेकआउट होताना, म्हणजे भाव अडलेली रेघ तोडून वर निघताना, व्हॉल्यूम नेहमीपेक्षा बराच जास्त नसेल तर ते बारा गाड्यांचे शंभर समज.

आता तुझी मेन तक्रार, सपोर्टवर घेतो तर तुटते. सपोर्ट म्हणजे पडता भाव जिथं घेणाऱ्यांमुळं थांबेल असं वाटते ती जागा, आणि तिचं माझ्याजवळ एकच उदाहरण आहे आणि ते तुझ्या घरातलं आहे. 2024-25 ला सोयाबीनचा हमीभाव 4,892 होता. कागदावर याच्यापेक्षा पक्का सपोर्ट कोणता, सरकारनं स्वतः आखलेली रेघ. आणि यार्डात सोयाबीन किती गेलं? बऱ्याच ठिकाणी चार हजाराच्या आसपास, कुठं त्याच्याही खाली. काहून? रेघ होती पण रेघेवर प्रत्येकाचा माल घेणारा नव्हता, खरेदी केंद्राची नोंदणी, ओलाव्याची अट, बारदान्याची वाट, तोवर माणसाला पैसे पाहिजे होते. जिथं केंद्र चालू होतं आणि माल घेत होतं तिथं रेघ टिकली. चार्टवरची रेघही अशीच आहे, ती पेन्सिलनं तू ओढली आहेस, तिच्या मागं घेणारा आहे का नाही हे भाव तिथं पोचल्यावरच कळते. म्हणून भाव रेघेवर आला की लगेच उडी मारायची नाही, तिथून वळून वर बंद होतो का ते पाहायचं, दोन पैसे महाग पडलं तरी चालते.

दुसरं, ती रेघ असतेच कुठं, ती धुऱ्यासारखी, वावराच्या बांधासारखी असते. धुऱ्याला रुंदी असते का नाही? 400 वर सपोर्ट असेल तर 394 ते 404 असा पट्टा धर. तू बरोबर 400 वर घेऊन 399 वर स्टॉप, म्हणजे तोटा थांबवायला आपोआप विकायचा भाव, लावला असशील आणि तो उडाल्यावर भाव वर गेला असेल. झालं ना असं? पत्रात लिहिलं नाहीस पण झालंच असेल.

रेझिस्टन्सही, म्हणजे चढता भाव जिथं अडते ती जागा, घरचाच सांगतो. 2022 च्या उन्हाळ्यात कापूस 12 हजाराच्या वर गेला होता हे आठवते तुला, तेव्हा तू कॉलेजात असशील. पुढच्या हंगामात आपल्या लोकांनी तो आकडा डोक्यात धरून कापूस घरात भरून ठेवला, झोपायच्या खोलीत गंजी, लेकरांच्या अंगाला खाज, आणि भाव सात-आठ हजाराच्या वर जायला तयार नाही. मी तेव्हा रोज पाहत होतो, भाव जरा वर सरकला की दुसऱ्या दिवशी गाड्यांची रांग, कारण प्रत्येकजण म्हणे आता तरी विकून टाकतो, आणि गाड्या आल्या की भाव परत खाली. तीच गंजी रेझिस्टन्स झाली होती. चार्टवर जिथं पुष्कळ लोक वरच्या भावात अडकले आहेत तिथं भाव पोचला की ते सुटायला धावतात. म्हणूनच तुटलेला सपोर्ट पुढं जाऊन रेझिस्टन्स होते, जे तिथं घेऊन फसले ते भाव तिथं परत आल्यावर “मुद्दल निघालं बस” म्हणून विकतात. अन् ती गंजी एकदा पूर्ण विकल्या गेली, तर मग वरचा रस्ता खरंच मोकळा होते, खरा ब्रेकआउट तोच.

खोट्या ब्रेकआउटचं उदाहरण पाहिजे तर निफ्टीचा, म्हणजे 50 मोठ्या कंपन्यांच्या भावांवरून निघणाऱ्या आकड्याचा, 2024 चा जून काढ. 3 जूनला एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी तीन टक्क्यांच्या वर उडाला, नवीन उच्चांकावर बंद झाला, त्या संध्याकाळी चार्टवर याच्यापेक्षा सुंदर ब्रेकआउट कोणी दाखवू शकला नसता. 4 तारखेला मतमोजणी, निफ्टी जवळजवळ सहा टक्के पडला. चार्टनं खोटं सांगितलं नव्हतं, 3 तारखेपर्यंतचं सांगितलं होतं. आणि मजबूत बाजार असल्यामुळं तो काही दिवसातच सावरलाही, पण ज्यानं उसन्या जोरावर घेतलं होतं त्याला सावरेपर्यंत थांबायची सोय नव्हती.

आता इंडिकेटर. तुझा मित्र म्हणते दोन लाव. आरएसआय वेल्स वाइल्डर नावाच्या माणसानं 1978 मध्ये मांडला, मागच्या 14 दिवसांत चढाची सरासरी किती आणि उताराची किती, याची तुलना करून 0 ते 100 मधला आकडा काढते. एमएसीडी म्हणजे 12 दिवसांची आणि 26 दिवसांची सरासरी, यांच्यातलं अंतर. दोन्ही निघतात कशातून? त्याच बंद भावातून. एकाच विहिरीचं पाणी दोन बादल्यांत काढलं आणि दोन्ही बादल्यांत पाणी गोड लागलं, म्हणून काही दोन विहिरी गोड होत नाहीत. पाच इंडिकेटर एकाच बाजूला बोट दाखवतात तेव्हा तुला पाच साक्षीदार वाटतात, साक्षीदार एकच आहे. त्यातून व्हिडिओवाले सांगतात आरएसआय 70 च्या वर गेला की विका, अरे जोरदार तेजीत तो 70 च्या वर आठवडेच्या आठवडे बसून राहते, विकणारा रडत राहते. लावायचंच असेल तर एक सरासरी लाव, 50 दिवसांची किंवा 200 दिवसांची, आणि भाव तिच्या वर आहे का खाली एवढंच पाहा. ती उशिरानं वळते, मागच्याची सरासरी आहे तर उशीर होणारच. पण तेजीत वर वर जाणारे उंच आणि त्यासोबत वर वर सरकणारे खोलगे, मंदीत उलटं, हे तुला नुसत्या डोळ्यानंही दिसते, आणि उतरत्या बाजारात घेत बसायचं नाही एवढं जरी पाळलं असतंस तरी पाच आठवड्यातले निम्मे सौदे झालेच नसते, असं मला वाटते.

ऑप्शनचं मला जरा रागानं लिहावं लागते. ऑप्शन म्हणजे ठरल्या तारखेला ठरल्या भावानं सौदा करायचा हक्क, आणि त्या हक्काची किंमत म्हणजे प्रीमियम. तुझ्यावर राग नाही, हे एवढ्या सोपेपणानं 23 वर्षाच्या पोराच्या हातात येते याचा आहे. तू म्हणतोस चार्ट चुकला. काही वेळा तुझा चार्ट बरोबर असेल आणि तरी पैसे गेले असतील! वरुड-मोर्शीचा संत्रा पाहिला ना, झाडावर आहे तोवर थांबता येते, तोडला की दर दिवशी तो उतरते, बाजारभाव जागच्या जागी असला तरी. विकत घेतलेला ऑप्शन तोडलेला संत्रा आहे. निफ्टी तीन दिवस जागच्या जागी राहिला तरी तुझा प्रीमियम उतरत गेला, आणि एक्स्पायरीच्या, म्हणजे मुदत संपायच्या दिवशी तर दुपारपर्यंत पाणी. म्हणजे तुला दिशा बरोबर पाहिजे, वेग बरोबर पाहिजे आणि तारीखही बरोबर पाहिजे. सेबीनं सप्टेंबर 2024 मध्ये आकडे काढले, 2021-22 पासून तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या साध्या लोकांपैकी 93 टक्के लोक तोट्यात, सरासरी तोटा माणशी 2 लाखाच्या आसपास, खर्च धरून. खर्च वजा जाता 1 लाखाच्या वर नफा फक्त 1 टक्का लोकांना. तुला मी कमअक्कल समजत नाही बाबू, 93 टक्क्यांत इंजिनिअर आहेत, मास्तर आहेत, बँकेतले लोक आहेत.

मग चार्ट कामाचा कशासाठी? माझ्या मते एकाच गोष्टीसाठी, आपण चुकलो हे कुठं कळेल ती जागा घ्यायच्या आधी ठरवायला. भाव कुठं जाईल हे तो सांगत नाही. उदाहरण घेतो, समज 20 हजार तुझे स्वतःचे आहेत, ट्युशनचे म्हण, हातमजुरीचे म्हण. एका सौद्यात 1 टक्का घालवायचा, म्हणजे 200 रुपये, त्याच्या वर नाही. शेअर 400 ला आहे, पट्टा 390 पर्यंत आहे, पट्ट्याच्या खाली 388 ला तुझं म्हणणं खोटं ठरते. शेअरमागं धोका 12 रुपये. 200 ला 12 नं भाग, 16 शेअर येतात. तेवढेच घ्यायचे, 6,400 रुपयांचे, आणि वरचा रेझिस्टन्स 424 च्या अलीकडं असेल तर घ्यायचेच नाहीत. आता हिशेब कर, दहा सौद्यांपैकी सहा चुकले तर शेअरमागं 72 गेले, चार बरोबर निघाले तर 24 च्या हिशेबानं 96 आले. सहा वेळा चुकूनही तू टिकलास, ब्रोकरेज-टॅक्स मात्र यातूनच जाईल. तू उलटं करत होतास, 500 रुपयाचा नफा पळून जाईल म्हणून लगेच काढायचास आणि तोटा परत येईल म्हणून धरून ठेवायचास, 71 चे 23 याच्याशिवाय होत नाहीत. एक सांगून ठेवतो, 388 चा स्टॉप लावला म्हणजे 388 लाच सुटका होईल असं नाही, सकाळी बाजार 375 ला उघडला तर त्याच्याच आसपास विकल्या जाईल, म्हणून 1 टक्काच.

आणि हे सगळं आधी वहीत. खरीप निघेपर्यंत एक पैसा न लावता, पाच ओळखीच्या कंपन्या, रोज संध्याकाळी चार आकडे हातानं लिही, आवक लिही, कुठं घेतलं असतं, कुठं चुकलो म्हटलं असतं, काहून. मोबाईलवर चार्ट तयार मिळते हे माहीत आहे मला, तरी हातानं लिही, लिहिताना जे दिसते ते बोटानं सरकवताना दिसत नाही. पन्नास सौदे झाले की वही उघडून बेरीज मार.

आता बाबांचं.

जानेवारी 2008 मध्ये माझ्याजवळ एकाच कंपनीचे शेअर होते, 21 तारखेला सेन्सेक्स 1,400 च्या वर अंक पडला त्या दिवशी मी अजून घेतले, इथं सपोर्ट आहे म्हणून. पुढं पडला, अजून घेतले. तेव्हा मला स्टॉप लावायचं कोणी सांगितलं नव्हतं असं म्हणता येईल पण मला ठाऊक होतं, मला फक्त चुकलो म्हणायचं नव्हतं. 1 लाख 10 हजार गेले आणि मी ते चौदा महिने बायकोपासून लपवले. त्या चौदा महिन्यांत मी जेवढे वाईट सौदे केले तेवढे आधीच्या दहा वर्षांत केले नव्हते, कारण तिला कळायच्या आत भरून काढायचं होतं. शेवटी तिला पासबुकातून कळलं. पैशाचं ती एका दिवसात विसरली, चौदा महिन्यांचं अजूनही कधी कधी काढते.

तुझं तसंच चालू आहे म्हणून लिहितो. 23 चे 60 करायचे म्हणजे 160 टक्के कमवायचे, आणि ते पण पेरणीच्या आधी, असं कोणत्याच चार्टवर नाही. ते 23 हजार आजच काढायला टाक, एक-दोन दिवसात बँकेत येतील. 2025 च्या खरिपात कपाशीचं पाकीट 901 रुपयाला होतं, सहा एकराला बारा पाकिटं धरली तर अकरा हजाराच्या आत बियाणं होते आणि उरलेल्यात पहिल्या खताचं बरंच भागते, म्हणजे हातात काहीच नाही असं नाही. बाकीच्या 37 साठी बाबा सोसायटीत जातील का, पीककर्ज मुदतीत फिरवलं आहे का, हे त्यांनाच ठाऊक, आणि म्हणूनच त्यांना आता कळलं पाहिजे. मुदतीत भरलं तर 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जाला पंजाबराव देशमुख योजनेत व्याज लागत नाही, ती सवलत तुझ्या गप्प राहण्यानं जायला नको. कृषी केंद्रावर उभं राहून त्यांनी तुला फोन करायच्या आत हे सांग.

जेवण झाल्यावर सांग, आईसमोर सांग. स्टेटमेंटची झेरॉक्स काढून ने, आकडा 37 हजारच सांग, तीस-पस्तीस म्हणू नको. चार्ट समजावत बसू नको. ते पहिले चिडतील, मग लय वेळ काही बोलणार नाहीत, आपल्याकडचे बाप असेच असतात, तू तिथून उठू नको. मोबाईल मागितला तर देऊन टाक. आणि सकाळी वावरात त्यांच्यासोबत जा, पऱ्हाटीच्या काड्या वेचायच्या राहिल्या असतील.